सिंगल बेल

“आजी, ती घंटी द्या बरं माझ्याकडं,” रेश्मानं हात पुढे केला. “आज न्हाय चालायची ती.”

मी पिशवीतून आमच्या देवघरातली पितळी घंटी काढून तिला दिली. वाजू नये म्हणून तिनं ती मुठीत घट्ट धरली आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकली. बारामतीच्या दवाखान्यात आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. आतल्या खोलीत रेश्माची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि परीक्षेसाठी तिनं निवडलेला रुग्ण म्हणजे आमचे हे.

“घाबरलीस का गं?”

“मी कशाला घाबरू? आबांना विचारा.”

हे शर्टाची कॉलर सरळ करत होते. ड्युटीवर निघताना करत तशीच. मला धीर आला.

रेश्मा सणसरची, उसाच्या घरातली. ज्यांची वाचा गेली त्यांना बोलतं करायचं, कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे, असंही एक शिक्षण असतं हे मला तिच्यामुळे कळलं. पुण्यात पदवी घेऊन ती त्याच्याही पुढचं शिकत होती. तिचे आजोबा गेणबा एकदा स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, “इतकं शिकली आन् करती काय, तर माणसं बोलती करती! आमच्या घरातलं एखादं गप करायला शिकली आसती, तर उपेग तरी झाला आसता.”

“पयलं तुमालाच गप करीन,” रेश्मानं जागच्या जागी उत्तर दिलं होतं.

यांना अर्धांगाचा झटका आला तो मागच्या उन्हाळ्यात. हातपाय सावरले, बोलणं सावरलं नाही. कळायचं सगळं, पण शब्द हाती लागायचा नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी यांना इंदापूरहून बारामतीला घेऊन यायची. रेश्मा चित्रं दाखवायची. कप, कुलूप, गाय. हे चित्राकडे बघत, माझ्याकडे बघत आणि मान खाली घालत. ज्या माणसानं सबंध नोकरी ओरडून केली, त्याची ती खाली गेलेली मान मला बघवायची नाही.

नोकरी एसटीत, कंडक्टरची. इंदापूर-बारामती. लग्नानंतर मला लासुर्ण्याच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आणि मी यांच्याच गाडीनं जाऊ लागले. गाडीत हे ओळख दाखवत नसत. ड्युटी म्हणजे ड्युटी! लासुर्णं आलं की दोरी ओढून एक बेल द्यायचे आणि म्हणायचे, “उतरा, बाई.” इतर शिक्षिकांना म्हणत तसंच, त्याच आवाजात. मैत्रिणी मला चिडवून बेजार करत. “तुझा नवरा घरी तरी बोलतो का गं तुझ्याशी?”

एका शुक्रवारी परतीच्या गाडीत रेश्मा आमच्या पुढच्या बाकावर होती. गाडी स्टँडबाहेर पडली आणि हे आपल्याशीच पुटपुटू लागले. “काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी...” स्पष्ट, एकही अडखळ नाही. रेश्मा वळून, बाकाच्या पाठीला धरून ऐकत राहिली. सणसर मागे पडलं.

“अगं, तुझं गाव गेलं!” मी म्हटलं.

“जाऊ द्या, आजी. ऊस काय पळून जातोय व्हय!”

ती इंदापूरपर्यंत आली आणि तशीच उलट्या गाडीनं परत गेली.

पण तिच्या मार्गदर्शक राजलक्ष्मी मॅडम हुरळल्या नाहीत. “पाठ असलेलं आपसूक येतं, रेश्मा. ते बोलणं नव्हे. मध्येच थांबून ते स्वतःचा शब्द काढतील, तेव्हा मी मानेन.”

आणि अडचण तीच होती. हे एकदा सुरू झाले की थांबत नसत. पाणी हवं असलं तरी तोंडून निमगाव निघायचं आणि थेट बारामतीला जाऊन टेकायचं. मग रेश्मालाच युक्ती सुचली. मी घंटी घ्यायची. एकदा वाजली की गाडी थांबली, दोनदा वाजली की निघाली. गाडी उभी असताना रेश्मा विचारायची, “आबा, हितं काय मिळतं?”

निमगाव केतकीला पहिला शब्द आला. “पान.” तिथले पानमळे कोण विसरेल? मग चहा आला, पाणी आलं. दिवाळीच्या सुमाराला मीठ कमी असल्याची तक्रारही आली. मी ती मुकाट्यानं ऐकून घेतली आणि आत जाऊन रडले.

तरी मॅडमचं समाधान नव्हतं. “घंटी आजींच्या हातात आहे. गाडी त्या थांबवतात, आजोबा नाही.”

म्हणून आज घंटी रेश्माच्या खिशात होती.

आम्हाला आत बोलावलं. बाहेरगावचे परीक्षक होते, शेजारी मॅडम. मला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि काही सुचवायचं नाही असं बजावलं. रेश्मा यांच्यासमोर बसली. तिचा आवाज जराही हलला नाही.

“आबा, बारामतीची गाडी लागलीय. सोडा.”

“इंदापूर, निमगाव केतकी...”

पान आलं नाही. गाडी थांबलीच नाही.

“शेळगाव, अंथुर्णे...”

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. रेश्मा मात्र यांच्याकडेच बघत होती. गाडी आपल्या गावाला थांबणारच, अशा खात्रीनं माणूस फाट्यावर उभा राहतो, तशी.

“लासुर्णे,” हे म्हणाले.

आणि गप्प झाले.

उजवा हात हळूहळू वर गेला. डोक्याच्या वर, जिथे दोरी असायची तिथे, बोटं मिटली. हात एकदाच खाली आला. खोलीत काही वाजलं नाही. यांनी मान वळवली, कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं आणि त्याच जुन्या, ओळख न दाखवणाऱ्या आवाजात म्हणाले,

“उतरा, बाई.”

परीक्षकांनी रेश्माकडे पाहिलं. तिनं खिशावर हात दाबून धरला होता.

मी उठले. पदर सावरला, पिशवी खांद्याला अडकवली आणि कुणाकडे न बघता दारापर्यंत चालत गेले. उंबरा ओलांडून वळले. यांचा हात पुन्हा वर, दोरीपाशी गेला होता. मी नीट उतरले याची त्यांनी खात्री करून घेतली.

मग दोनदा दोरी ओढली.