ताईच्या हातातला धोटा

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, आरशाशेजारच्या काचेच्या पेटीत मला ठेवले आहे. माझ्याखालच्या पाटीवर एका थोर विणकराचे कौतुक लिहिले आहे. ती पाटी खोटी आहे, म्हणून आज बोलतो आहे.

धोटा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. मागावर उभे धागे ताणून बसवतात, त्यांना ताणा म्हणतात. त्यांतून आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो मी. आकार होडीसारखा आणि पोटात रेशमाची कांडी. एका सुताराने मला कठीण लाकडातून कोरले आणि कुठे कुसळ राहू नये म्हणून दोन दिवस घासले. रेशीम फार मानी असते, जरा खरखरीत लागले की तुटते. एका कोषातून हजार हातांहून लांब धागा निघतो, पण त्यासाठी आतल्या किड्यासकट कोष उकळत्या पाण्यात टाकतात. तलम कापडाचे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत.

आमचा माग रुंद होता. एकट्याचे हात पुरत नसत, म्हणून त्यावर दोघे बसत. डावीकडे ताई, उजवीकडे तिचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर या दोघांनीच काम चालू ठेवले होते. ताई मला फेकायची, भाऊ झेलायचा. मग भाऊ फेकायचा, ताई झेलायची. दिवसातून हजारो वेळा. तिचा हात हलका होता. त्याचा जोरकस, पण मन थाऱ्यावर नसले की तिरका.

ताईच्या मनात एक कापड होते. एका अंगाने निळे, दुसऱ्या अंगाने तांब्याच्या रंगाचे, ज्याला उलटी बाजूच नाही असे. त्यासाठी दोन ताणे एकावर एक चढवायचे होते. कोणता धागा कोणत्या दोरीत ओवायचा, हे ती कागदावर ठिपके मांडून बघायची आणि चुकले की कागद फाडायची. तीन वर्षे तिने तुकडे विणले आणि उसवले. हे खूळ सोड, साधे कापड विणू, असे भाऊ वैतागून म्हणायचा. शेवटी एका सकाळी ते जमले. ताईने तुकडा खिडकीपाशी नेला, उलटापालटा करून पाहिला आणि चहा ठेवायला गेली.

महिन्याभराने फॅशनच्या दुनियेत नावाजलेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. कापडावरून त्यांचा हात निघेना. हे कोणाच्या डोक्यातून आले, असे त्यांनी विचारले.

"माझ्याच," भाऊ म्हणाला. "ताई कांड्या भरून देते."

मी तेव्हा ताईच्या हातात होतो. तिची बोटे माझ्याभोवती आवळली. आता ही बोलेल, असे वाटले. तिने भावाकडे पाहिले; तो बाईंच्या चपलांकडे बघत होता. तिने मला मागावर ठेवले आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेली.

त्या कापडाचा झगा झाला, तो मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि आतल्या पानावर भावाचा फोटो आला. त्याला मंचावर बोलावून मानचिन्ह दिले. घरातल्या एकाचे नाव झाले म्हणजे सगळ्यांचेच झाले, असे तो ताईला समजावत राहिला. ताईने चढवलेला ताणा संपेपर्यंत काम केले, कापड कापून घडी घातली आणि ती उठली. पुन्हा मागावर बसली नाही.

नवी मागणी आली. भावाने महिनाभर धागे ओवून पाहिले, नुसता गुंता झाला. मग तो स्वयंपाकघरात गेला. ताई भाजी निवडत होती.

"ताई, ते ओवणं एकदा दाखव ना."

"मला कुठलं येतंय? मी कांड्या भरते," ताई म्हणाली. "किती हव्यात तेवढं सांग."

मित्रांनो, इथवर मी ताईच्या बाजूचा आहे. पण भावाच्या मुलीनेही तिच्यामागे लकडा लावला होता. आत्या, मला तरी शिकव, म्हणत ती रोज शेजारी येऊन बसे. ताई तिच्या केसांतून हात फिरवी आणि विषय बदली. बापाचा राग तिने पोरीवर काढला. सहा वर्षांनी ताई तापाने गेली आणि ते ओवणेही तिच्याबरोबर गेले.

त्यानंतर एकदा भाऊ मागावर बसला. जुन्या सवयीने त्याने मला डावीकडे फेकले. झेलायला कोणी नव्हते. मी फरशीवर आपटलो, माझे टोक उडाले. त्याने मला उचलले नाही. कपाळ मागाला टेकवून तो बसून राहिला. मला उचलले ते त्या मुलीने.

पुढे माग मोडीत गेला आणि मी या दुकानात आलो. इथे आता यंत्रावरची दोन पातळ कापडे पाठीला पाठ चिकटवून एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने तांब्याच्या रंगाचा झगा विकतात. दुसऱ्या धुण्यात त्याला फुगे येतात. ताईची भाची मध्यंतरी येऊन गेली. पाटीवर आत्याचे नाव घाला, असे तिने सांगितले. व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले, "पण हा मजकूर तुमच्या वडिलांनीच लिहून दिलाय."

तिने पाटी पुन्हा एकदा वाचली आणि ती निघून गेली. तिचे वडील अजून जिवंत आहेत. दोन ओळी लिहायला त्यांना अजूनही वेळ आहे.

मित्रांनो, सुंदर कापड हाती आले की ते कोणी केले, हे जरूर विचारा. मात्र जो आधी उत्तर देईल त्याच्यापाशी थांबू नका. पाणी आणायला आत गेलेल्या माणसाची वाट बघा. आणि तुमच्या हाती एखादी कला असेल, तर कितीही दुखावले गेलात तरी मागणाऱ्या पोरीला ती देऊन टाका.