चारशे सतरा नंबरची खुर्ची

मित्रांनो, मी चारशे सतरा नंबरची खुर्ची. लोखंडी, घडीची आणि बरीच जुनी. पनवेलमधल्या एका शाळेच्या सातवी ‘ब’च्या वर्गात, शेवटच्या बाकामागे, खिडकीखाली माझी जागा आहे. तुम्ही म्हणाल, वर्गात खुर्च्या असून असून किती असणार? एक बाईंची आणि एक मी. मग हा चारशे सतरा नंबर आला कुठून? तीच तर माझी गोष्ट आहे.

मी मुळात शाळेची नाही, मांडवातली आहे. रोडपाली गावात काशिरामशेठ नावाचे मांडववाले होते. त्यांनी एकाच वेळी पाचशे खुर्च्या करून घेतल्या, त्यातली मी एक. वेल्डिंगवाल्याने पाय जोडले, पत्र्याची बैठक बसवली आणि बैठकीच्या खालच्या अंगाला ठोकून नंबर घातला. पाठीवरचं नाव मात्र शेठनी स्वतः रंगवलं. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण आपलं नाव असं झोकात लिहायचा की पेंटरने मान खाली घालावी. पाचशे पाठींवर पाचशे वेळा त्यांनी ‘काशिराम’ लिहिलं आणि एकदाही कंटाळले नाहीत.

काय दिवस होते ते! साखरपुडा, हळद, लग्न, बारसं, कधी तेरावंही. गावात कुणाचंही काही असो, आम्ही आपल्या पहिल्या हजर. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणींची गाणी मी इतकी ऐकली आहेत की नवरीच्या आईपेक्षा मला जास्त पाठ असतील. माझ्यावर सरपंच बसले, वरमाया बसल्या, जेवून सुस्तावलेले मामा बसले आणि त्यांच्या वजनाने माझा एक पाय जरा फाकला, तो आजतागायत तसाच आहे. काम झालं की आम्हाला मिटून टेंपोत रचत. माझ्या एका बाजूला चारशे सोळा, दुसऱ्या बाजूला चारशे अठरा. एकटेपणा म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं.

मग आठ वर्षांपूर्वी या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही आलो. कार्यक्रमाच्या धांदलीत कुणीतरी मला उचलून सातवीच्या वर्गात नेलं आणि माझ्यावर पाहुण्यांसाठी आणलेले हार ठेवले. दुसऱ्या दिवशी काशिरामशेठ खुर्च्या न्यायला स्वतः आले. मैदानावर त्यांचं मोजणं मला ऐकू येत होतं. मग ते चपला वाजवत वर्गाच्या दारापर्यंत आले. चौकटीला हात लावून उभे राहिले. फळ्याकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. आणि वळून निघून गेले.

टेंपो सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. म्हटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. आत्ता परत येतील. पण ते काही परत आले नाहीत.

या वर्गाच्या बाई म्हणजे शशिकलाबाई. सरळ रेघेसारखा कारभार. परक्याची वस्तू वर्गात ठेवणं त्यांना मुळीच पटेना. शिपाई विनायकबरोबर त्यांनी दोनदा रोडपालीला निरोप धाडला, की आपली एक खुर्ची आमच्याकडे राहिली आहे. दोन्ही वेळा उत्तर आलं, “हो, बघू.” तेव्हा मात्र माझं मन मोडलं. पाचशेतली एक गेली तर कुणाचं काय अडतं, असं मी स्वतःलाच समजावू लागले. पुढे कधीतरी विनायकने बाक रंगवले आणि उरलेला चॉकलेटी रंग माझ्यावरही फासला. पाठीवरचं नाव त्याखाली गेलं. त्यानंतर एकदा तोच कुणालातरी सांगत होता, की आता लग्नं हॉलमध्ये होतात, झालर लावलेल्या खुर्च्या तिथेच मिळतात, रोडपालीच्या शेठनी आपल्या सगळ्या खुर्च्या भंगारात घातल्या. चारशे सोळाही गेली, चारशे अठराही गेली. त्या दिवसापासून जगात माझं असं कुणी उरलं नाही.

मला पुन्हा काम मिळालं ते बाईंच्या नियमांमुळे. दर जूनमध्ये शशिकलाबाई एक कागद मुलांच्या घरी पाठवतात. वर लिहिलेलं असतं, ‘घरच्यांसाठी’. विसरलेला डबा शाळेत आणून देऊ नये, वर्गातली मुलं त्याला उपाशी ठेवणार नाहीत. गृहपाठ मुलानेच करावा, आईचं अक्षर मला ओळखता येतं. उशीर झाला तर चिठ्ठी द्यावी आणि चिठ्ठीत खरं कारण लिहावं. घरच्यांनी वाचून खाली सही करायची आणि कागद परत पाठवायचा, मग तो वर्षभर वर्गात टांगलेल्या फाइलमध्ये राहतो. नमुन्याची एक प्रत दारावर चिकटवलेली असते.

त्यातला पाचवा नियम माझा. प्रत्येक मुलाच्या घरच्या एका मोठ्या माणसाने वर्षातून एक तास वर्गात येऊन मागे बसावं. तारीख मुलाने ठरवायची. फोन बंद ठेवायचा आणि मुलाला उत्तर सुचवायचं नाही. आणि शेवटी एक वाक्य होतं, ‘त्या तासाला खुर्ची उघडलेली असेल, आणि कोणी आले नाही तरी ती मिटली जाणार नाही.’ बाईंना वाटायचं, उघड्या खुर्चीची लाज वाटून तरी लोक येतील.

आणि लोक यायचे, बरं का. प्रितमच्या बिल्डर वडिलांनी बाईंच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, “हात वर करून बोलावं.” बिचाऱ्यांनी खरोखर हात वर केला. उरणहून गुणाबाई म्हणून एक आजी मासळीची पाटी व्हरांड्यात ठेवून आत आली आणि भूमितीच्या तासाला माझ्यावर गाढ झोपली. तास संपला की सगळा वर्ग उभा राहायचा आणि पाहुण्यांना हात जोडून म्हणायचा, “नमस्कार, पुन्हा या.” मला ते फार आवडायचं. मांडवातलं थोडं सुख परत मिळाल्यासारखं वाटायचं.

पण दिवस बदलले. लोक म्हणू लागले, बाई, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका, आम्ही घरून बघतो. कुणाची शिफ्ट, कुणाची मीटिंग. मी उघडी राहायची आणि माझ्यावर खिडकीतली धूळ बसायची. हळूहळू बाकीच्या मुलांना त्याचं काही वाटेनासं झालं. फक्त एका मुलीला वाटायचं, आणि ती म्हणजे कोमल.

कोमल गेल्या जूनमध्ये सातवीत आली. बाईंनी जागा वाटायच्या आधीच तिने शेवटचं बाक धरलं, माझ्या अगदी शेजारचं. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तिने मला उलटी केली आणि बैठकीखाली पाहिलं. मला वाटलं, कुणी च्युइंगम चिकटवलं का ते बघत असेल. तिला आई नव्हती. तिचे वडील धनेश उरणच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचे, एकदा गाडी रांगेत लागली की दोन दोन दिवस घरी यायचे नाहीत. आजोबा होते, ते आदल्याच मे महिन्यात वारले होते. शेजारच्या काकू तिला डबा द्यायच्या.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तास चालू असला की कोमलचा हात माझ्या पाठीवर असायचा आणि ती नखाने, कधी पट्टीच्या टोकाने, माझा रंग खरडायची. मी चिडायचे. म्हातारीची पाठ, खाजवायला सोपी! एकदा बाईंनी ते पाहिलं. शाळेच्या वस्तू खराब करू नयेत हाही त्यांचा एक नियम. त्यांनी कोमलला आठवडाभर वर्ग झाडायला लावला. तिने मुकाट्याने वर्ग झाडला आणि पुढच्या सोमवारी ती पुन्हा खरडू लागली.

ऑगस्टमध्ये तिची तारीख आली. बाईंनी मला उघडलं. वडील सकाळी हो म्हणाले होते, पण ट्रेलर बंदरात अडकला. पूर्ण तास मी रिकामी आणि चाळीस मुलं मान वळवून वळवून माझ्याकडे बघतायत. नोव्हेंबरमध्ये दुसरी तारीख दिली, तेव्हाही तेच. पुढच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, “कोमलच्या घरून हवा आलीय बसायला.” आणि तीन-चार जण हसले. कोमल खाली वहीत बघत राहिली. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. मित्रांनो, मला त्या क्षणी मिटून घ्यावंसं वाटलं, पण घडीची खुर्ची स्वतःहून मिटत नाही. बाईंनी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे लाल शाईने दोनदा ‘कोणी नाही’ लिहिलं. फेब्रुवारीतली तारीख शेवटची, त्यानंतर मिळणार नाही, असंही त्यांनी बजावलं. नियम म्हणजे नियम.

फेब्रुवारीतला तो शुक्रवार उजाडला. बाईंनी मला उघडून ठेवलं. घंटा झाली, पाच मिनिटं गेली. धनेशचा फोन लागत नव्हता. बाईंनी वही उघडली, लाल पेन काढलं आणि विचारलं, “कोमल, घरून कोणी?”

कोमल उभी राहिली. माझ्याजवळ आली, मला उचललं आणि माझी पाठ वर्गाकडे केली. बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून तिने माझी पाठ पुसली. आठ महिने खरडून तिने जेवढं मोकळं केलं होतं, तेवढं सगळ्यांना दिसलं. चॉकलेटी रंगातून पांढरी अक्षरं वर आली होती. काशिराम.

“बाई, खुर्ची रिकामी नाही,” ती म्हणाली. “हे माझ्या आजोबांचं नाव आहे. खाली चारशे सतरा नंबर आहे. ही आमची खुर्ची आहे.”

वर्गात कुणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना ते दोन निरोप आठवले असावेत. त्या म्हणाल्या, “अगं, मी कळवलं होतं त्यांना. ते न्यायला का आले नाहीत?”

“त्यांना माहीत होतं,” कोमल म्हणाली. आणि मग तिने आजोबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, त्यांच्याच बोलीत. “ते म्हणायचे, ‘मी मोजल्या व्हत्या. एक कमी व्हती. वर्गान जाऊन बघली पन. पन अशी बसली व्हती ना ती, सगल्यांच्या मागं, फल्याकडं तोंड करून. आपल्या घरान शाला कोनी पुरी केली नाय. म्हटला ऱ्हाऊ दे, आपल्यातला कोन तरी बसू दे शालेत. तू सातवीन गेलीस ना, का तिच्या बाजूला बस. मी येन तवा तिच्यावरच बसन.’”

एवढं सांगून तिने मला पुन्हा माझ्या जागेवर ठेवलं.

मित्रांनो, आठ वर्षं मी समजत होते की मला विसरले. रोज संध्याकाळी वर्गाला कुलूप लागलं की मी हेच घोकत बसायची. आणि खरं काय होतं? शेठनी दारात उभं राहून मला पाहिलं होतं, ओळखलं होतं आणि मुद्दाम ठेवून गेले होते. माझ्या चारशे नव्याण्णव बहिणी भंगारात गेल्या. मी उरले, ती मला मागे ठेवलं म्हणूनच. लोखंडाला रडता येत नाही हे फार बरं आहे, नाहीतर मी गंजूनच गेले असते.

शशिकलाबाईंनी लाल पेन बंद केलं, निळं काढलं आणि वहीत लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही, “कोमल. घरून आलेले, काशिराम. नातं, आजोबा.” मग त्या दारापाशी गेल्या आणि तिथे चिकटवलेल्या कागदावरच्या पाचव्या नियमातलं शेवटचं वाक्य खोडून टाकलं.

“दोनदा तुला सगळ्यांसमोर एकटी बसवली,” त्या कोमलला म्हणाल्या. “ती चूक माझी.”

त्यानंतर त्यांनी नेहमीसारखा धडा शिकवला. कोमलने दोनदा हात वर केला आणि एक उत्तर चुकवलं. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, “पाहुण्यांना नमस्कार करा.” सगळ्या बाकांचा आवाज झाला. सगळा वर्ग उभा राहून माझ्याकडे वळला, आणि ज्यांनी हवा म्हटलं होतं त्यांनीही हात जोडले. “नमस्कार, पुन्हा या.” जन्मभर लोक माझ्यावरून उठले, मित्रांनो. माझ्यासाठी उठले ते त्याच दिवशी.

आता मे महिना आहे. कोमल पास झाली, जूनमध्ये तिचा वर्ग वरच्या मजल्यावर. परवा ती एकदा येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. शाळा बंद आहे, खिडकीही बंद आहे आणि मी भिंतीला टेकून मिटलेली आहे. एकटीच आहे, खोटं कशाला बोलू? काल विनायक रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा बाई दारातूनच म्हणाल्या, “तिची पाठ सोडून रंगव.”

तर एवढंच मागते तुमच्याकडे. तुमच्या वर्गात कुणाच्या घरून कोणी आलं नाही, तर मान वळवून बघू नका. आणि तुमच्या घरच्यांना सांगा, वर्षातला एक तास द्या. ते आले की शेजारच्या बाकावरच्या मुलाचीही त्यांच्याशी ओळख करून द्या, म्हणजे त्याच्याही घरचं कुणी आल्यासारखं होईल. बाईंनी खोडलेल्या ओळीच्या जागी यंदा हेच लिहायचं ठरवलं आहे. जून आला की मला उघडतील. तोवर मी इथेच आहे, शेठनी ठेवली त्या जागी.