डोक्याकडचा दोर

"आधी पाय बोटीत, मॅडम, फोटो मग," असं म्हणत हेक्टरनं ग्लासगोहून आलेल्या एका जाडजूड बाईंचा हात धरून त्यांना शिडीवरून खाली घेतलं. "तुम्ही पाण्यात पडलात तर सील घाबरून पळतील, आणि हे बाकीचे सगळे माझ्या नावानं शंख करतील."

बोटीतले सगळे हसले. धक्क्यावरच्या टपरीत तिकिटं विकणारी जेसी तेवढी हसली नाही. ती शाल आवळत टपरीबाहेर आली आणि बोटीच्या दोराशी उभी राहिली.

"हेक्टर, तू खरंच निघालास?"

"तिकिटं तूच विकलीस ना?"

"अरे, दुपारी तुझ्या सख्ख्या भावाला पुरताहेत, आणि तू यांना पफिन पक्षी दाखवत फिरणार?"

"कार्ड नाही आलं मला."

"नसेल आलं! जाऊन उभा तर राहा."

"आणि काय करू? सगळ्या गावासमोर रिकाम्या हातानं उभा राहू? पोस्टमनला दोर मिळालाय, जेसी. पोस्टमनला! मला नाही."

जेसीनं दोर सोडून बोटीत टाकला.

आमच्या या किनाऱ्यावर शवपेटी दोरांनी कबरीत उतरवतात. कुणी कोणता दोर धरायचा ते घरचे ठरवतात, आणि त्या त्या माणसाच्या दारात छोटंसं कार्ड येतं. डोक्याकडचा दोर सगळ्यात जवळच्या रक्ताचा. ड्युगलला मूलबाळ नव्हतं. होता तो एक धाकटा भाऊ, हेक्टर. आठवडाभर हेक्टर पोस्टमनची चाहूल लागली की दार उघडून बसायचा, आणि तो मेला शीळ घालत पुढे निघून जायचा.

दोघा भावांचं भांडण तरी कशावरून? या बोटीवरून. दोघांनी मिळून तिच्यावर आयुष्यभर हॅडॉक मासे धरले. मग मासा संपला, आणि हेक्टरनं जाळी विकून बाकं बसवली, बाजूला लाल चोचीचा भलामोठा पफिन रंगवून घेतला. बोटीला आईचं नाव, क्रिस्टीना. ड्युगल धक्क्यावर आला, पफिन पाहिला आणि म्हणाला, "छान. आता आईला टोपी घाल आणि जत्रेत नाचव." हेक्टरही कमी नव्हता. "तू उपाशी मर, मी नाही मरणार," म्हणाला. त्यानंतर एकाच गल्लीत समोरासमोर राहून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. ड्युगल आजारी पडला तेव्हा हेक्टर एकदा त्याच्या दारापर्यंत गेला होता. आतून खोकला ऐकला आणि तसाच माघारी फिरला. याला स्वाभिमान म्हणायचं की मूर्खपणा, देव जाणे.

बोट बंदराबाहेर पडली. हेक्टरनं पफिन दाखवले, त्यांच्यात नवराबायको जन्मभर एकत्र राहतात आणि तरी भांडत नाहीत म्हणून सांगितलं, बायकांनी आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसलं. बेटाला वळसा झाला. डबे उघडले, कुणीतरी हेक्टरलाही हॅमचं सँडविच दिलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं आणि शेवटी एका सीगलला टाकलं.

परतीच्या वाटेवर बोट कड्यासमोर आली तेव्हा ग्लासगोच्या बाई दुर्बीण लावून म्हणाल्या, "कॅप्टन, वर ते काय चाललंय हो? काळ्या कपड्यांतली माणसं कधीची नुसतीच उभी आहेत."

हेक्टरनं दुर्बीण घेतली. कड्यावरचं कब्रस्तान. कबरीवरच्या फळ्यांवर ठेवलेली पेटी. पोस्टमन, पूर्वी बोटीवर काम केलेले माअर आडनावाचे दोघं भाऊ, पायाकडे एफीचा, म्हणजे ड्युगलच्या बायकोचा, ॲबरडीनचा भाचा. सगळ्यांच्या हातात दोर. डोक्याकडे मात्र कुणीच नव्हतं. तिथला दोर गवतात पडला होता, आणि सगळ्यांचे चेहरे फाटकाकडे वळलेले होते.

धक्क्याशी बोलायचा रेडिओ खरखरला.

"हेक्टर, ऐकतोयस का?" जेसीचा आवाज होता. "एफीचा निरोप आलाय. तू कुठे अडकलास म्हणून विचारतेय."

"मला कार्ड..."

"सांगितलं मी. तर म्हणाली, घरच्या माणसाला कुणी कार्ड धाडतं का? ड्युगल अंथरुणावरून सांगून गेलाय म्हणे. डोक्याशी हेक्टर, दुसरं कोण? इतकंच. ते थांबलेत रे. येतोस ना?"

हेक्टरनं बंदराकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. बंदरात चिखल उघडा पडला होता आणि त्यात पक्षी चालत होते. पाणी परत यायला संध्याकाळ होणार, तोवर बोट धक्क्याला लागत नाही; सहलही त्याच हिशोबानं आखलेली. कड्याखाली उतरायला जागा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"त्यांना म्हणावं, थांबू नका," तो म्हणाला. "एफीला सांग, मी गाढव आहे."

त्यानं इंजिन बंद केलं. बोट वाहत कड्याजवळ आली होती, आता दुर्बिणीशिवायही दिसत होतं. काळ्या कपड्यांतली एक बाई पुढे झाली, वाकली आणि तिनं गवतातला दोर उचलला. फळ्या काढल्या.

हेक्टरनं टोपी काढून बाकावर ठेवली. तो बोटीच्या नाकाशी गेला, नांगर उचलून काठावरून पाण्यात उतरवला आणि दोन्ही हातांनी दोर सोडू लागला, अगदी हळू, वरच्या माणसांकडे बघत.

"इथं सील आहेत का?" मागून बाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग थांबलो कशाला?"

"भाऊ आहे माझा तो," हेक्टर म्हणाला.

बाई उठून उभ्या राहिल्या. मग एकेक करून बाकीचेही उठले. बोट डुलत होती, म्हणून त्यांनी एकमेकांचे हात धरले.

नांगर तळाला टेकला. तरी हेक्टरनं दोर हातातून सोडला नाही.