चुलीची सवत

मी शेगडी, तेलाच्या रिकाम्या डब्याची. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली खामगावात बशीरभाईनं डबा कापून, आतून मातीचा लेप देऊन मला घडवलं. वर उचलायला तारेची मूठ लावली. त्या मुठीकडे बघूनच सिंधूताईनं मला घेतलं.

तिचा नवरा मोतीराम कापसाच्या जिनिंगात हमाल. दोघांनी चार वर्षांत चार खोल्या सोडल्या. कापसाचा हंगाम आला की मालक म्हणायचा, "खाली करा, सरकीची पोती ठेवायची हायेत." मग मला उचलायचं आणि निघायचं. पोत्यांना छप्पर मिळायचं, आम्हाला रस्ता.

पाचवी खोली अंबूबाईची. तिनं आधीच बजावलं, "चूल मांडायची नाही बरं! चूल मांडली का भाडेकरी हालत नाही."

तेव्हा सिंधूताईचं लेकरू दोन महिन्यांचं होतं. त्याच्या अंघोळीचं पाणी माझ्यावर लवकर तापत नसे, हे खरं. एके सकाळी ती चुलीसाठी काळी माती मळायला बसली.

मोतीराम घाबरला. "काऊन वं? बुढी हाकलून देईन ना!"

"मंग मी काय करू जी? लेकराले गार पाण्यानं न्हाऊ घालू?"

चूल झाली. दोन तोंडांची, ऐसपैस. पेटवायच्या आधी सिंधूताईनं तिला हळदकुंकू लावलं, हात जोडले. मला चार वर्षांत कुणी बोटभर कुंकू लावलं नव्हतं. माझी रवानगी कोपऱ्यात झाली. ती मात्र जमिनीला धरून घरधनिणीसारखी बसली. मी मनात म्हणत राहिले, अंबूबाई, ये गं, एकदा ये.

तिसऱ्या दिवशी ती लेकरू बघायला आलीच.

"हे काय वं? माह्याच घरात घर बांधून राह्यली?"

"मावशी, लेकराच्या पाण्यासाठी..."

"आजच्या आज निंघ!" म्हणत तिनं पेटत्या चुलीवर घागर उपडी केली. मला तेव्हा आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

आता आम्ही जिनिंगच्या भिंतीला गोणपाट बांधून राहतो. लेकराला खोकला झालाय. त्याला काखेत घेऊन सिंधूताई दारोदार खोली विचारते. कुणी काही म्हणायच्या आधीच सांगते, "आमच्याजवळ शेगडी हाय जी, आम्ही चूल नाही मांडत."

माझं एवढं नाव तिनं कधीच घेतलं नव्हतं. मला ते ऐकवत नाही.

खोलीवाल्या बायांनो, तिला एकदा म्हणा, "मांड बाई चूल." मला खुशाल भंगारात घाला. मी त्या चुलीवर जळेन, जन्मभर जळेन. पण लेकराला ऊन पाणी मिळू द्या.