पिवळी गाडी

डोळे मिटा बघू. एक चौक आणा समोर. मधोमध पाण्याची टाकी, टाकीशी पिवळी हातगाडी, आणि गाडीला टेकून बसलेली एक डॉक्टरीण. तिच्या कपाळातून रक्त वाहतंय. भीती वाटली तरी डोळे उघडू नका.

वस्तीत जुलाबाची साथ होती. माणसं पटापट दगावत होती. शेजारच्या शहरात पाण्यात पांढरी पूड टाकली आणि साथ हटली, हे डॉक्टरीणबाईंनी नगरपालिकेच्या बैठकीत पटवून दिलं. आकडे खरे होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. पूड न्यायला आवारात एक पिवळी गाडी रिकामी उभी होती, तीच दिली.

पण मागे भटकी कुत्री मारायचं विष याच गाडीतून आलं होतं. तेही पांढरंच. बैठकीत हे कुणाला आठवलं नाही. त्यांच्या गल्लीत ती गाडी कधी गेलीच नव्हती.

वस्तीला मात्र आठवलं. सकाळी टाकीत पूड पडली आणि दुपारी दगड सुरू झाले. बाईंच्या मदतनीसाचे दात पडले. वस्तीतल्या एका वेल्डरने सळई घातली आणि बाईंचा उजवा हात वाळकी काटकी मोडावी तसा मोडला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणे. इथे ताकवालीलाच कुटत होते.

बाई डाव्या हाताने टाकीतलं पसाभर पाणी प्यायल्या. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, नाटकं बघा, उतारा आधीच घेऊन आली असेल. लोक हसलेसुद्धा.

वेल्डरचा धाकटा घरात साथीनेच निपचित पडला होता. चांगलं पाणी पोटात गेलं नाही, तर तो संध्याकाळ बघणार नव्हता. वेल्डरने पुन्हा सळई उचलली, तेव्हा त्याची मुलगी मध्ये आली.

"बाबा, आपला लंगड्या कुत्रा तर ते विष चाटल्या चाटल्या आडवा झाला होता. या अजून बोलतायत."

"बाजूला हो. घरी जा."

ती खरंच घरी गेली. मेलेल्या लंगड्याची घासून ठेवलेली थाळी घेऊन आली. टाकीचा नळ सोडून तिने ती काठोकाठ भरली, बापाच्या सळईखाली उभी राहून अर्धी प्यायली, आणि उरलेली अर्धी, थेंब न सांडता, भावाकडे घेऊन निघाली.