चाकाचं कुलूप

आत्मारामांनी गाडी घेतली तेव्हा चारही चाकांना एकेक कुलपाचा नट बसवून घेतला. त्याची चावी वेगळी. तिच्याशिवाय कुठलाही पाना त्यावर नुसता घसरतो. ज्या गावात माणसं भरदुपारी दारं सताड टाकून घोरतात, तिथं चाकं कोण नेणार, असं मालनने विचारलं होतं. "तुला काय कळतंय? मी जग बघितलंय," असं उत्तर मिळालं. जन्म जहाजावर काढलेल्या माणसाशी तिने संसार केला होता, तोही निम्मा फोनवर, त्यामुळे हे जग तिच्या चांगलंच परिचयाचं होतं.

आज सकाळी पुढचं चाक हवा जाऊन बसलेलं दिसलं आणि चावी सापडेना. दुपारच्या रेल्वेने श्रद्धा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिला आणायला खेडला जायचं होतं.

"भाड्याची गाडी सांगू काय?" मालनने विचारलं.

"नाय. ती जन्मली तेव्हा मी कुठच्या कुठं समुद्रात होतो. आज मीच जाणार."

 मालनही चावी शोधायला लागली. कपाट झालं, गाद्या झाल्या, तांदळाचा डबासुद्धा उपसून झाला. मग तिला आठवलं.

"अहो, गाडीच्या पूजेला ती चावी चाकापुढं कोणी ठेवलेली?"

"मीच. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली."

"आणि निर्माल्य?"

आत्मारामांनी खाडीच्या दिशेला बघितलं. निर्माल्य त्यांनीच दोन्ही हातांनी गोळा करून, मोठ्या भक्तिभावाने खाडीत सोडलं होतं.

"बरं झालं," मालन म्हणाली, "माशांची सोय झाली. आता त्यांनी फक्त गाडी घ्यायची."

नाक्यावरच्या गॅरेजातून रघू आला तो पान्याच्या चार-पाच जुन्या गोट्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या पोकळ लोखंडी टोप्या, घेऊनच. नटापेक्षा जराशी लहान गोटी हातोड्याने नटावर ठोकून बसवायची आणि लांब दांड्याने फिरवायची. गोटी फुकट जाते, पण नट सुटतो. आत्मारामांनी हातोडा रघूच्या हातातून काढून घेतला.

"जपून हो," मालन म्हणाली. "जग बघितलेलं बोट चेचायचं."

घाव बसले, दांडा फिरला, नट किंचाळला आणि सुटला.

"काका, चोराला पण येवढाच वेळ लागला असता," रघू अगदी निरागसपणे म्हणाला. मालन तोंडाला पदर लावून हसली. आत्मारामांनी स्टेपनी चढवली. रघू हातोडा, दांडा, गोट्या तिथंच ठेवून बसलेलं चाक घेऊन नाक्यावर गेला.

मालन नवी साडी नेसून बाहेर आली, तर नवरा दुसऱ्या चाकापाशी उकिडवा बसलेला, हातात गोटी.

"अहो, ते चाक धड आहे! उशीर होईल."

"होऊ दे जरा. कपाटातले गाडीचे साधे नट आण."

"पण कशाला?"

"पोरीला कळा लागल्या आणि नेमकं हे चाक बसलं तर? तेव्हा काय खाडीत बुड्या मारू?" त्यांनी हातोडा उचलला. "एकदा नव्हतो मी. पुन्हा नाय."

  मालनने आत जाऊन नट आणले, नव्या साडीचा पदर खोचला, चाकापाशी बसली आणि दोन्ही हातांनी गोटी नटावर सरळ धरली.

"ठोका," ती म्हणाली.