सम तारखेचा फुटपाथ

भीमराजने कातायचा नवा जॉब लेथच्या चकमध्ये धरला, चावीने आवळला आणि मशीन चालू केली. तेवढ्यात टाइमकीपर रंगराव शेजारी येऊन उभा राहिला. हात पुढे करून त्याने भीमराजची मशीन बंद केली.

दुसऱ्याच्या मशीनला वर्कशॉपमध्ये कोणी हात लावत नसे. भीमराजने त्या हाताकडे पाहिले.

"कोण?" त्याने विचारले. "आई?"

"वहिनी," रंगराव म्हणाला. "पॅकिंगच्या कारखान्याच्या रस्त्यावर. बसचा धक्का लागला."

"कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

रंगरावने भीमराजचा शर्ट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.

दवाखान्याच्या वाटेवरच तो रस्ता लागला. त्याच्या बायकोला, कस्तुराला, केव्हाच नेले होते. फुटपाथवर एक टेंपो उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकापाशी, खाली डांबरावर, तिची एक चप्पल पडली होती. पॅकिंगच्या बाया भिंतीला लागून उभ्या होत्या. त्यांतली सरूबाई पुढे आली.

"फुटपाथवर टेंपो व्हता, भाऊ," ती म्हणाली. "म्हणून ती खाली उतरली. मी तिच्या मागंच व्हते. मागनं बस आली."

भीमराजने चप्पल उचलली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

तो फुटपाथ जुना नव्हता. नगरपालिकेने बांधला आणि वर्षभरात त्याच्यावर गाड्या उभ्या करायला परवानगीही दिली, कारण टेंपो रस्त्यावर थांबले की कंपन्यांच्या बसना वाट उरत नसे. नियम सोपा होता. विषम तारखेला कारखान्याच्या बाजूचा फुटपाथ गाड्यांना, सम तारखेला नाल्याच्या बाजूचा. माणसांनी उरलेल्या फुटपाथवरून चालायचे. तशा पत्र्याच्या पाट्याही लावल्या होत्या. पण तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री कामावर चढतो आणि सकाळी उतरतो. त्याच्या कार्डावर तारीख पडते ती चढतानाची. घरी जाऊन झोपेपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. त्यामुळे सकाळी पाळी बदलताना तिसऱ्या पाळीच्या गाड्या कालच्या बाजूला असत आणि पहिल्या पाळीच्या गाड्या आजच्या बाजूला येऊन लागत. दोन्ही फुटपाथ भरत. बाया कामावर येत त्या त्याच वेळी.

कस्तुरा गेली त्या दिवशी सम तारीख होती. कारखान्याच्या बाजूचा फुटपाथ माणसांचा होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. भीमराज कामावर जाऊ लागला, पण सायकलवर बसेना. सायकल हातात धरून तो कडेकडेने चालत जाई.

"काय भीमराजभाऊ," गेटवर एकजण म्हणाला, "सायकलला फिरवून आणताय का? दमली असंल बिचारी. पाठीवर घ्या."

सगळे हसले, भीमराजही हसला. मागून बसचा हॉर्न वाजला की तो सायकल सोडून कंपाउंडच्या भिंतीला खांदा लावून उभा राही. सायकल आडवी पडे. बस गेली की तो ती उचले आणि इकडेतिकडे बघे.

त्याची आई तानुबाई शर्ट धुताना म्हणाली, "ह्यो चुना कुटनं लागतोय रं रोज?"

"मशीनपाशी."

"मशीनपाशी काळं लागतंय. ह्यो पांढरा हाय."

भीमराजने शर्ट तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच पिळून वाळत टाकला.

मग पॅकिंगची मुकादम केसरबाई घरी आली. कस्तुराची जागा तिने धरून ठेवली होती. घरातलेच कोणी आले तर बरे, सोमवारनंतर मालक दुसरी बाई बसवील, असे तिने सांगितले. ती गेल्यावर विशाखा, भीमराजची मुलगी, म्हणाली, "अण्णा, मी जाते."

"नको."

"का नको?"

"लहान हायस अजून."

"आई लग्न होऊन आली तवा माझ्यापेक्षा लहान होती."

"नको म्हणलं ना."

तानुबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. "घरात बसवून लोणचं घालतोस व्हय तिचं?" ती म्हणाली. "दोन वरीस झाली शाळा सुटून. कस्तुराचीच इच्छा हुती तिला लावायची."

भीमराज उठून बाहेर गेला. दारासमोरून एक ट्रक गेला आणि त्याने दाराची चौकट धरली. विशाखा आतून बघत होती.

युनियनचे उद्धवराव त्याला नगरपालिकेच्या कचेरीत घेऊन गेले. तिथले ओव्हरसियर लिमये साहेब मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे होते. पुढ्यातला चहा त्यांनी भीमराजकडे सरकवला.

"तिसऱ्या पाळीची भानगड मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "माझा मेव्हणा तिसऱ्या पाळीत असला की बुधवारी सकाळी मंगळवारचा उपास धरून बसतो. बहीण वैतागते. पण मला ठाऊक असून भागत नाही. कारखानदार म्हणतात, बाई रस्ता ओलांडत होती. फुटपाथचा संबंधच नाही."

"ओलांडत नव्हती, साहेब. टेंपोला वळसा घालून चालली होती. मागच्या चाकापाशी चप्पल पडली होती तिची. मी स्वतः उचलली."

"जिनं पाहिलं ती बाई बोलेल?"

"तिला तिथंच काम करायचंय," उद्धवराव म्हणाले.

"मग तुम्ही या. मी गुरुवारी पाळी बदलताना येतो. तुम्ही फक्त जागा दाखवा, बाकी मी बघतो. दोन्ही फुटपाथवरच्या गाड्या बंद करून टाकू."

"किती दिवसांत होईल, साहेब?"

लिमयांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कमिटीपुढं जाईल. मग ठराव. वेळ लागेल, खोटं कशाला सांगू? पण जागा पक्की झाली की त्या टेंपोचा परवाना मी लगेच थांबवतो."

जिन्यावरून उतरताना उद्धवराव म्हणाले, "भला माणूस आहे." भीमराज कठड्याला धरून उतरत होता.

रविवारी संध्याकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चपला त्याने हातात घेतल्या होत्या.

"मी ज्योतीराम," तो म्हणाला. "तो टेंपो माझ्याकडं असतो."

तानुबाईने सूप खाली ठेवले. भीमराजने त्याला आत या म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

"तिसऱ्या पाळीचा माल भरायला लावला होता," ज्योतीराम म्हणाला. "माझ्या डोक्यात तारीख कालचीच होती, दादा. बस माझी नव्हती. पण टेंपो माझा होता."

"आता काय पायजे?" तानुबाईने विचारले.

"पोरीसाठी जागा उद्यापर्यंतच धरलीया म्हणं. केसरबाई म्हणाल्या." तो भीमराजकडे बघत होता. "मी सकाळी फौंड्रीतनं माल घेऊन हिकडनंच जातो. बारका जीव हाय, केबिनमधी बसंल. कारखान्याच्या दारातच उतरवीन. तिला रस्त्यावर पाऊल टाकायची गरजच न्हाई."

"मी बारकी न्हाई," विशाखा आतून म्हणाली.

भीमराजने वळून आत पाहिले.

"तुला म्हायती हाय का," तो ज्योतीरामला म्हणाला, "गुरुवारी साहेब येणारेत?"

"ऐकलंय. परवाना गेला तर मालक टेंपो काढून घेईल माझा. पण ते तुमी बघा. पोरीचं बोललो ते बोललो. टेंपो हातात हाय तवर नेतो."

तो गेल्यावर तानुबाई म्हणाली, "त्याच्या टेंपोत बसवायची व्हय रं? लाज?"

"टेंपोत बसली तर ती रस्त्यावर न्हाई," भीमराज म्हणाला.

सोमवारी विशाखा कस्तुराचा डबा घेऊन निघाली. भीमराजने केबिनचे दार दोनदा ओढून पाहिले. टेंपो वळणाआड गेला तेव्हा तो ओट्यावर बसला. त्या दिवशी हॉर्न वाजले तरी तो उठला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तानुबाई म्हणाली, "आज जेवलास जरा."

गुरुवारी सम तारीख होती. भीमराजची दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती. तो पोचला तेव्हा लिमये साहेब चहाच्या टपरीपाशी थांबले होते. नाल्याच्या बाजूच्या फुटपाथवर स्कूटर आणि टेंपो येऊन लागत होते. कारखान्याच्या बाजूला रात्रीच्या दोन गाड्या तशाच होत्या.

"बघा, आहेत दोन्हीकडं," लिमये म्हणाले. "आता जागा दाखवा."

भीमराज पुढे चालू लागला. तेवढ्यात ज्योतीरामचा टेंपो आला. नाल्याच्या बाजूला जागा नव्हती. कारखान्याच्या दाराला लागून, त्याच जागी, तो फुटपाथवर चढला. केबिनचे दार उघडले आणि विशाखा थेट दारात उतरली. खाली डांबराला तिचा पाय लागला नाही. तिने वडिलांना पाहिले, हात वर केला आणि आत गेली.

ज्योतीराम स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला.

"हाच ना टेंपो?" लिमयांनी विचारले. "आणि इथंच? मागच्या चाकापाशी म्हणाला होतात."

भीमराजने कारखान्याच्या दाराकडे पाहिले. उद्या हा टेंपो नसेल. कमिटी बसेल, ठराव होईल, तोवर फुटपाथवर दुसरा कोणाचा टेंपो असेल आणि विशाखा चालत येईल.

"नक्की नाही सांगता येणार, साहेब," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गडबडीत होतो त्या दिवशी."

लिमयांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोणी दम दिलाय का तुम्हाला? निर्धास्त सांगा."

"न्हाई साहेब. दम कुणीच दिला न्हाई."

"मग घाबरलात कशानं?"

फुटपाथवरून केसरबाई येत होती, हातात डबा, मागे आणखी दोघी. टेंपोपाशी आल्यावर तिने मागे वळून पाहिले, लुगडे आवरले आणि खाली रस्त्यावर उतरली. पाठोपाठ त्या दोघीही उतरल्या. कंपनीची बस हॉर्न वाजवत त्यांच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. भीमराजने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिघी पुन्हा फुटपाथवर चढत होत्या. केसरबाई बसच्या ड्रायव्हरला शिव्या देत होती.

"आठवलं की कचेरीत या," लिमये म्हणाले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. "मला तुमच्याशिवाय पुढं काही पाठवता येत नाही."

"येतो," भीमराज म्हणाला.

त्याला तीन महिने झाले. विशाखा रोज टेंपोने जाते. बाकीच्या बाया त्या टेंपोला वळसा घालून जातात. साहेबांना जागा दाखवायची राहिली आहे.